अंडेवालीचं नाक

स्पेनमधल्या हेरेस गावात पेला ओठांना लावण्याआधी लोक "सालूद" म्हणतात, म्हणजे आरोग्य लाभो. सांतियागो आळीतल्या एका बाईचं नावच सालूद होतं. त्यामुळे ती गुत्त्यावरून जायला लागली की आतून कोणीतरी मुद्दाम आवाज चढवून पेला उंच करायचा, "सालूद." ती मान न वळवता उत्तर द्यायची, "आले बाबांनो, पण माझ्या वाटणीचं कुठाय?" मग आत हशा पिकायचा. हे वर्षानुवर्षं चाललं आणि दोन्ही बाजूंना त्याचा कधी कंटाळा आला नाही.

सालूद एस्पिनार चौतिसाव्या वर्षी विधवा झाली. नवरा कुर्रो ओल्मेदोंच्या वाइनच्या वखारीत पिंपं हलवायचा. पाचशे लिटरचं ओकचं पिंप पायाच्या टोकावर तोलून फिरवणारा गडी, पण फुप्फुसांनी दगा दिला आणि एका हिवाळ्यात गेला. पदरी दोन मुली. महिनाभरानं वखारीचा मुकादम मेल्चोर त्रोंकोसो तिच्या दारात आला, टोपी हातात धरून उभा राहिला आणि सांत्वनाचा एक शब्द न बोलता म्हणाला, "अंडी फोडशील का?"

"किती?" सालूदनं विचारलं.

"माल परदेशी निघायचा असेल तेव्हा दिवसाला सहाशे."

"आणि ऑम्लेट कोण खाणार एवढी?"

मेल्चोर हसला नाही. तो सहसा हसायचाच नाही. "सोमवारी ये," म्हणाला. "अंगाला अत्तर लावायचं नाही, केसांना सुगंधी तेल नाही. साबण असेल तर तोही घरीच ठेव."

अशी ती अंडेवाली झाली. वखारीच्या मागच्या अंगाला, अंगणाकडे उघडणारी एक लहान खोली तिला मिळाली. अंड्याचं पांढरं लाकडी घंगाळात पडायचं आणि पिवळं मातीच्या बरणीत. पांढऱ्यात थोडी वाइन घालून ते फेसाळेपर्यंत घुसळायचं आणि निघायच्या तयारीतल्या पिंपात ओतायचं. आठवड्याभरात ते जाळ्यासारखं सावकाश खाली बसतं आणि वाइनमधला सगळा गढूळपणा सोबत ओढून नेतं. वर उरते ती काचेसारखी स्वच्छ वाइन. पिवळ्याचा मात्र वखारीला काडीचा उपयोग नाही. ते जायचं कोपऱ्यावरच्या जोगिणींच्या मठात. पिवळं आणि साखर एवढ्यावरच तिथल्या बायका अशी एक वडी करायच्या की जिभेवर ठेवली की बोलणं बंद.

मठातल्या जोगिणी कोणाला तोंड दाखवत नसत. भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट होतं. बाहेरच्यानं त्यात वस्तू ठेवायची, आतून कोणीतरी ते फिरवून घ्यायचं. सालूद रोज बरणी ठेवायची आणि लाकडापलीकडून सिस्टर आंगुस्तियासचा आवाज यायचा.

"आज उशीर झाला."

"कोंबड्यांना सांगा, सिस्टर."

"कोंबड्यांचं मी बघते, तू तुझं बघ. नासकी किती निघाली?"

"तीन."

"काल दोन म्हणालीस."

"काल ऊन कमी होतं."

"मुली बऱ्या आहेत ना?"

"धाकटीला खोकला आहे."

मग कपाट परत फिरायचं. रिकाम्या बरणीशेजारी पानाच्या तुकड्यावर एक वडी असायची, आणि खोकला असेल तर मधाची बाटली. सालूदनं त्या बाईचा चेहरा कधीच पाहिला नाही. पण कुर्रो गेल्यानंतरची पहिली दोन वर्षं आपल्याला त्या आवाजानं तारलं, असं ती पुढे कायम म्हणायची.

नासक्या अंड्यांचा प्रश्न साधा नव्हता. एक नासकं अंडं घंगाळात पडलं की आधीची शंभर फुकट जातात. म्हणून सालूद प्रत्येक अंडं फोडण्याआधी नाकाशी धरायची. कवचाला केसाएवढी चीर असली तरी तिला बाहेरूनच समजायचं. पिंपं हलवणारे गडी, म्हणजे कुर्रोचेच सोबती, दारातून डोकावून म्हणायचे, "बघा, वहिनी अंड्याचा मुका घेतात."

"तुमच्यापेक्षा साफ आहे ते," ती म्हणायची.

आणि सात वर्षांत तिचं एकही घंगाळ नासलं नाही.

मेल्चोरबद्दल सांगायचं तर वखार म्हणजे त्याचं नाक होतं आणि नाक म्हणजे वखार. चाळीस वर्षं तो तिथे होता. त्याच्या घरी रविवार सोडला तर लसूण बंद होती, आणि त्या मुलखात लसणाशिवाय स्वयंपाक म्हणजे बाईला शिक्षाच. त्याची बायको त्रिनी चारचौघींत म्हणायची, "मी याच्याशी नाही, याच्या नाकाशी लग्न केलं. हा नुसता त्याला उचलून फिरतो."

नाकाचं एवढं कौतुक का, तर काम तसं होतं. सप्टेंबरात पांढऱ्या मातीच्या टेकड्यांवरून द्राक्षं येतात. एकच जात, एकच मळा, एकाच दिवशी गाळलेला रस. तो शेजारशेजारच्या तीस पिंपांत भरला तर नाताळापर्यंत तीस पिंपांचे तीस स्वभाव होतात. एक अंगानं सडसडीत, दुसरं भरलेलं, तिसरं चिडकं. मुकादमानं लांब दांडीची पळी पिंपात सोडायची, पेल्यात धार धरायची, हुंगायचं आणि पिंपाच्या तोंडावर खडूनं खूण करायची. एक रेघ म्हणजे सडसडीत. रेघ आणि टिंब म्हणजे जरा गुटगुटीत. दोन रेघा म्हणजे शंका आहे, थांबून बघू. तीन रेघा म्हणजे गेली दारू गाळायच्या भट्टीत.

त्या खुणेवर पुढचं सगळं ठरतं, कारण नंतर वाइनमध्ये मद्यार्क पडतो. हा मद्यार्कही द्राक्षांचाच, पण तीक्ष्ण. सडसडीत वाइनला तो थोडाच द्यायचा, शंभरात पंधरा भाग भरतील इतकाच. मग तिच्यावर फूल धरतं. फूल म्हणजे खमिराची पांढुरकी साय. पिंप मुद्दाम दोन मुठी रिकामं ठेवतात, म्हणजे तिला श्वास घ्यायला जागा राहते. ती साय वाइनला हवेपासून राखते आणि वाइन वर्षानुवर्षं फिकट, कोरडी, टोकदार राहते. भरलेल्या वाइनला मात्र अठरा भागांपर्यंत न्यायचं. तेवढ्या जोरापुढे फूल जगत नाही. वाइन उघडी पडते, हवा खाते आणि हळूहळू तपकिरी, खोल होत जाते. दोन्ही वाटा चांगल्या, पण ज्याची त्याची वाट त्याला मिळाली पाहिजे. एकदा मद्यार्क पडला की मागे फिरणं नाही.

एकोणीसशे सत्तावन सालच्या शरद ऋतूत फ्लूचा तो मोठा ताप आला. अर्धं गाव अंथरुणाला खिळलं. मेल्चोर तीन आठवडे घरी होता. परत आला तो निम्मा होऊन. पण टोपी तीच, पळी तीच, खडूही तोच. जानेवारीत नव्या वाइनच्या खुणा सुरू झाल्या आणि कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात सालूदच्या हातात एक अंडं आपोआप फुटलं. चीर दिसण्याआधीच फुटलं, ते नेमकं बशीवर होतं म्हणून घंगाळ वाचलं. वास असा की मदतीला आलेले दोन गडी अंगणात पळाले. सालूदनं एप्रनचं टोक तोंडावर घेतलं. एवढ्यात मेल्चोर आत आला, थेट त्या बशीजवळ उभा राहिला आणि शांतपणे विचारू लागला, उद्यासाठी किती घंगाळं लागतील.

सालूद त्याच्याकडे बघत राहिली.

"काय झालं? ते दोघं बाहेर काय करतायत?" त्यानं विचारलं.

तिनं बशीकडे बोट केलं. मेल्चोरनं खाली पाहिलं. बशीत हिरवट काळं काहीतरी पसरलेलं होतं. त्याला समजलं, आणि तिला समजलंय हेही समजलं. त्यानं एक हात भिंतीला टेकवला.

"दार लाव," तो म्हणाला.

तिनं बशी बाहेर ठेवली, दार लावलं आणि त्याला स्टूल दिलं.

"कधीपासून, मुकादम?"

"तापापासून. आधी वाटलं सर्दी आहे, उतरेल. कॉफी हुंगली, रॉकेल हुंगलं. कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन उभा राहिलो. काही नाही."

"त्रिनीवहिनींना माहीत आहे?"

"कोणालाच नाही." तो खाली बघत बोलत होता. "अकरा पिंपांवर खुणा केल्यात मी. रंग बघून, जिभेवर घेऊन. पण जीभ आंबट, गोड, कडू एवढंच सांगते गं. बाकी सगळं नाक सांगतं, आणि लोक श्रेय जिभेला देतात."

"मालकांना सांगून टाका."

"सांगणार आहे. पण गुरुवारी मद्यार्क पडायचाय. आधी ही अकरा पिंपं सरळ झाली पाहिजेत." मग त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "सात वर्षं तुझ्या नाकाच्या भरवशावर मी वाइनमध्ये अंडी ओततोय, सालूद."

"अंड्याचं वेगळं, मुकादम. अंडं एक तर चांगलं असतं नाही तर नासकं."

"तिथूनच सुरुवात करू," तो म्हणाला.

तासाभरानं तो तीन पेले घेऊन आला. वखारीत मुकादमानं नमुने कुठेही न्यावेत, कोण विचारतं? त्यानं पेले अंड्यांच्या टोपलीशेजारी ठेवले. सालूदनं पहिला हुंगला आणि पुन्हा हुंगला.

"बोल की."

"मला तुमचे शब्द येत नाहीत."

"तुझे सांग."

"भाकरीवाल्याकडे पहाटे गेलं की येतो तो. भिजवलेल्या पिठाचा. आणि आपटलेल्या सफरचंदाचा." तिनं दुसरा उचलला. "हा आमच्या सासूबाईंच्या कपाटाचा. आत अक्रोड ठेवायच्या त्या. वाईट नाही, पण जड आहे." तिसऱ्याला तिनं तोंड वाकडं केलं. "हा ओल्या मांजराचा."

"मांजर? ओलं मांजर हा काही वास झाला?"

"ओल्या मांजराला कधी जवळ घेतलंय तुम्ही?"

मेल्चोरनं पेला डोळ्यांसमोर धरला, जिभेवर घोळवला आणि थुंकला. त्याला काही मिळालं नाही. पण त्या पिंपाचा तळ त्याला माहीत होता. गेल्या वर्षी तिथे एक फळी बदलली होती, आणि ती आपल्याला कधीच पसंत पडली नव्हती, हे त्याला आठवलं. तो उठला आणि मागल्या दारानं वखारीत गेला. सालूदनं दाराच्या फटीतून पाहिलं, मुकादम आपल्या बाहीनं आपलीच खडूची रेघ पुसत होता.

अकरा पिंपांतल्या चार खुणा बदलल्या. गुरुवारी मद्यार्क आला. तो थेट ओतत नाहीत. आधी जुन्या वाइनमध्ये निम्मानिम्मा मिसळून काही दिवस ठेवतात, म्हणजे नव्या वाइनला एकदम धक्का बसत नाही. मेल्चोरनं हे तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "नव्या सुनेला आधी मावससासूकडे ठेवायचं, मग खऱ्या सासूकडे." तो हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी गड्यांना मिश्रण बनवायला सांगताना "मावससासू तयार करा" असं त्याच्या तोंडून गेलं आणि सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

मालकांना सांगायचं राहून गेलं. एक आठवडा गेला, मग महिना, मग उन्हाळा. रोज सकाळी अंड्यांच्या खोलीत पेले यायचे. सालूद सांगायची, मेल्चोर ऐकायचा. हळूहळू त्याला तिची भाषा कळायला लागली. "मिठागरावरून येणारा वारा" म्हणजे फूल जाड आहे, छान चाललंय. "चांभाराचा गोंद" म्हणजे ताबडतोब वेगळं काढा, सिरक्याकडे निघालंय. आणि तिला त्याची. फक्त एक गोष्ट तिला कधीच पूर्ण आली नाही. आजचा वास तिला कळायचा, पण तो दहा वर्षांनी काय होईल हे त्यालाच ठाऊक. ती म्हणायची, "उग्र आहे, नको." तो विचारायचा, "उग्र कसा? कच्च्या बदामासारखा की जळक्या दोरीसारखा?" ती पुन्हा हुंगायची. "कच्च्या बदामासारखा." "मग राहू दे. तो वाढत्या वयाचा उग्रपणा आहे, जाईल."

वखारीत पिंपांच्या रांगा एकावर एक रचलेल्या असतात. विकायची वाइन काढतात ती फक्त खालच्या, सर्वांत जुन्या रांगेतून, तीही फार तर तिसरा हिस्सा. जेवढी निघाली तेवढी वरच्या रांगेतून खाली, त्याच्या वरच्या रांगेतून मधे, आणि सगळ्यांत वर यंदाची नवी. कुठलंही पिंप कधी रिकामं होत नाही. नव्याला जुनं शिकवतं आणि जुन्याला नवं ताजं ठेवतं. मेल्चोरनं एकदा तिला खालच्या रांगेशी नेलं. दुपारची वेळ, गडी जेवायला गेलेले, जमिनीवर नुकतंच पाणी शिंपडलेलं.

"यात माझ्या आजोबांच्या वेळची वाइन आहे," तो म्हणाला. "आता चमचाभरसुद्धा उरली नसेल, पण आहे."

"कुर्रोनं यात ओतली असेल ना?"

"वीस वर्षं ओतत होता. माझ्यासमोर."

सालूदनं पिंपावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मेल्चोर दुसरीकडे बघत थांबला. संध्याकाळी मठाच्या कपाटात बरणी ठेवताना ती म्हणाली, "सिस्टर, आज देवाकडे माझ्यासाठी काही मागू नका. आज नुसते आभार माना."

"कशाबद्दल?"

"ते मला नीट सांगता येणार नाही."

"त्याला सांगावं लागत नाही," पलीकडून आवाज आला.

मग तिची चूक झाली. दुसऱ्या वर्षीच्या नव्या वाइनमधलं एकोणिसावं पिंप. सालूदनं हुंगून सांगितलं, भिजल्या पिठाचा वास, स्वच्छ, सडसडीत. मेल्चोरनं एक रेघ ओढली आणि पंधरा भागांवर ठेवलं. मे महिन्यात, जेव्हा बाकी पिंपांवर फूल जाड धरतं, तेव्हा एकोणिसाव्याचं फूल तुकड्या-तुकड्यांनी तुटलं आणि तळाला गेलं. वाइन उघडी पडली. मेल्चोरनं पेला आणला तेव्हा त्याचा रंग बघूनच सालूदनं ओळखलं.

"हे मी बिघडवलं."

"आधी हुंग."

"मुकादम, माझ्याच्यानं नाही होणार आता हे. माझं काम अंड्यांचं. तुम्ही मला भलत्या जागी उभं केलंत आणि मीही उभी राहिले, मूर्खासारखी. एवढं पिंप घालवलं मी."

"हुंग म्हणतो ना."

तिनं डोळे पुसले आणि हुंगलं. मग पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"काय गं?"

"विचित्र आहे. वरून अगदी बारीक, टोकदार, फुलाखालच्या वाइनसारखा. आणि आतून भाजलेल्या हेझलनटांचा. संत्र्याची साल पण आहे. हे दोघं एका घरात कसे राहतात?"

मेल्चोर त्रोंकोसो हसला. मोठ्यानं नाही, पण खांदे हलेपर्यंत हसला. सालूदनं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

"अशी पिंपं मागून मिळत नाहीत, बाई. चाळीस वर्षांत माझ्या वाट्याला तीन आली. सडसडीत म्हणून वाढवायची आणि मधेच तिचं मन बदलतं. चूक तुझी नाही, माझीही नाही." तो उठला, पिंपाशी गेला, थोडा मद्यार्क वाढवायला सांगितलं आणि त्या एका रेघेवर आडवी काट मारली. ही खूण काय ते जुन्या गड्यांना माहीत होतं. त्यांनी टोप्या काढल्या. मेल्चोर परत आला आणि खोलीच्या दारातच उभा राहून म्हणाला, "उद्यापासून 'माझ्याच्यानं होणार नाही' म्हणायचं नाही."

साठ सालच्या ऑगस्टात, द्राक्षं यायच्या आधी, तो तिला म्हणाला, "आज स्वच्छ एप्रन घाल. मालकांकडे जायचंय."

"कशाला?"

"तीन वर्षं उशीर झालाय म्हणून."

ओल्मेदोसाहेब सत्तरीचे, काठी घेऊन बसलेले. मेल्चोर उभाच राहिला. म्हणाला, "साहेब, तापापासून मला वास येत नाही. एक थेंबभरही नाही. तीन वर्षांत वखारीत जी खडूची रेघ पडली, ती हिच्या नाकानं पडली. मी तुमच्यापासून लपवलं. शिक्षा मला द्या. पण काम हिचं होतं."

सालूदला पाय कुठे ठेवावेत समजेना. एखादा पुरुष आपलं नाव एखाद्या कामावरून स्वतःच्या हातानं पुसतो आणि तिथे दुसऱ्याचं लिहितो, हे तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. नंतर मुलींना सांगताना इथे आली की ती दर वेळी थांबायची.

मालक काठीवर दोन्ही हात टेकवून पुढे झुकले. मग म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं माझ्या वखारीला नाक नव्हतं."

"होतं साहेब. फक्त माझ्या तोंडावर नव्हतं."

"तू मला चेष्टा शिकवतोस, मेल्चोर?"

"नाही साहेब."

मालक उठले. काठी टेकत वखारीत गेले, हे दोघं मागे. कुठल्या पिंपाशी थांबतात याची सालूदला धास्ती. ते एकोणिसाव्याशी थांबले. आडवी काट त्यांनी पाहिली होतीच. पळी मागितली, स्वतः धार धरली आणि पेल्यात नाक घालून इतका वेळ राहिले, की पिंपं हलवणाऱ्या गड्यांचं काम थांबलं.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी चुकले होते साहेब," सालूद म्हणाली. "मुकादमांनी राखलं."

"चुकून झालं," मेल्चोर म्हणाला.

मालकांनी पेला तिच्या हातात दिला. "सांग, काय आहे यात?"

तिनं सांगितलं. हेझलनट, संत्र्याची साल, जुनं लाकडी टेबल पुसल्यावर येतो तो वास, आणि सगळ्यांत शेवटी, पेला रिकामा झाल्यावर, थोडंसं मीठ. मालक डोळे मिटून ऐकत होते.

"माझ्या आजोबांच्या वेळेपासून नमुन्यांच्या खोलीत बाईमाणूस गेलेलं नाही," शेवटी ते म्हणाले. "आणि मी आता सत्तराव्या वर्षी आजोबांशी भांडण काढणार नाही. मेल्चोर, नमुने आत्तापर्यंत कुठे जात होते?"

"अंड्यांच्या खोलीत."

"मग तिथेच जाऊ देत."

एवढाच निकाल. कागदावर सालूद शेवटपर्यंत अंडेवालीच राहिली. तिला ते थोडं लागलं, नाही असं नाही. रात्री मोठ्या मुलीला ती म्हणाली, "खोली नाही दिली हो. पण खोलीतलं सगळं माझ्याकडे पाठवतायत." मुलगी रागावली. सालूद रागावली नाही. तिच्या कानात मेल्चोरचं ते वाक्य होतं, काम हिचं होतं, आणि तिला तेवढं पुष्कळ झालं.

त्या हंगामानंतर मेल्चोर घरी बसला. नवा मुकादम हासिंतो, त्याच्याच हाताखालचा. तो रोज सकाळी पेले घेऊन यायचा, टोपी काढायचा आणि म्हणायचा, "सालूदबाई, आज मांजर की भाकरी?" तिनं सांगितल्याशिवाय त्यानं एक रेघ ओढली नाही. पुढे गाळणीची यंत्रं आली, अंडी बंद झाली, मठात पिवळं जायचं बंद झालं. पण खोली तिचीच राहिली, टोपली नसलेली.

रविवारी दुपारी ती मेल्चोरच्या घरी जायची. अंगणात दोन खुर्च्या, भिंतीवर त्रिनीच्या जिरेनियमच्या कुंड्या. हासिंतोनं दिलेली एक छोटी बाटली तिच्या पिशवीत असायची.

पहिल्याच रविवारी त्रिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "आता रोज लसूण घालते. याला घातली काय, न घातली काय. चाळीस वर्षांची माझी हौस, आणि कौतुक करायला कोणी नाही."

"वहिनी, तुम्हाला कधी कळलं?" सालूदनं विचारलं.

"तापातून उठल्यावर चौथ्या दिवशी. भात करपला होता, आणि हा दोनदा मागून जेवला."

"मग बोलली का नाहीस?" मेल्चोर म्हणाला. त्यालाही हे नवीनच होतं.

"तू बोलला नाहीस म्हणून. म्हटलं, लपवू दे बिचाऱ्याला, कामाला तरी जातोय." मग ती सालूदकडे वळली आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "तू नसतीस तर हा त्याच हिवाळ्यात खचला असता. मी रोज दाराशी बसून वाट बघायचे, आज कसा चेहरा घेऊन येतो. आणि हा सरळ चालत यायचा. का ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

मेल्चोरनं पेला भरला आणि सालूदपुढे सरकवला. मग दर रविवारी हेच, सालूद हुंगायची आणि सांगायची, सावकाश, एकेक वास नावानं उचलून. तो पेला हातात धरून डोळे मिटून ऐकायचा आणि मग घोट घ्यायचा. मधेच विचारायचा, "मीठ आधी की नंतर?" ती सांगायची. तो मान हलवायचा.

एकदा तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी एकटा हुंगत होतो. जे मिळायचं ते खडूनं लिहायचो आणि पुढे जायचो. कोणाला सांगायचं असतं, हे सुचलंच नाही. माझं नाक गेलं म्हणून मला पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं, ही वाइन कशी आहे ते."

"तुम्हीच शिकवलंत, मुकादम."

"मी खुणा शिकवल्या. मांजर तुझं होतं."

आठ वर्षं असे रविवार झाले. मग मेल्चोर एका मार्चमध्ये, फूल जोरात धरतं त्या दिवसांत, झोपेतच गेला. त्याला न्यायला वखारीतले सगळे आले, खुद्द ओल्मेदोसाहेबही काठी टेकत आले. मातीआड केल्यावर पहिला रविवार आला, तेव्हा सालूद घरातून निघावं की नाही याचा विचार करत बसली. शेवटी सवयीनं पिशवी उचलली आणि गेली.

अंगणात दोन्ही खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्रिनी काळ्या कपड्यांत एकीवर बसली होती, हातात पेला.

"ये," ती म्हणाली. "एवढी वर्षं तो रोज तिथे काय करत होता, मला कधी धड कळलं नाही. मी विचारलंही नाही, मला फक्त लसणाचा राग होता. आता तू मला सांग."

सालूदनं बाटली उघडली, दोघींना थोडी थोडी ओतली, पेला नाकाशी धरला आणि सुरुवात केली. "आधी भाकरीचा वास येतो, वहिनी. पहाटेचा. घ्या, तुम्ही पण बघा."

त्रिनीनं पेल्यात नाक घातलं, भुवया वर गेल्या, आणि म्हणाली, "थांब, घाई करू नकोस."